मूठभर तांदळाचे बिशप

सिरपूर-कागजनगर किंवा मंचेरियालहून विजयवाड्याकडे जाणारी गाडी काझीपेठ व वरंगळ मागे टाकून पुढे गेली की डोर्नकल हे जंक्शन लागते. कोळशाच्या खाणींकडे जाणारा फाटा इथून फुटतो, एवढीच या गावाची ओळख बहुतेक प्रवाशांना असते. पण याच गावात एक मंदिर उभे आहे. त्याचे घुमट मशिदीची आठवण करून देतात, खांब हिंदू देवळाची, आणि आत प्रभुभोजनाची मेज मांडलेली असते. त्याच्या आवारात बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांना चिरविश्रांती मिळाली. आदिलाबाद, बोथ, किनवट, राजुरा हा आपला मराठी बोलणारा मुलूख आणि डोर्नकल ही दोन्ही एकेकाळी निजामाच्याच राज्यात होती. किनवट व राजुरा १९५६ साली आदिलाबादपासून वेगळी झाली, ती पुढची गोष्ट. म्हणजे हा थोर माणूस आपला शेजारी. तरी आपल्या मराठी मंडळ्यांतून त्याचे नाव फारसे घेतले जात नाही. ते तेलगू लोकांचे बिशप, असे म्हणून आपण मोकळे होतो.

ख्रिस्ती कारभारीपणावर उपदेश सुरू झाला की मंडळीत दोन प्रकारची माणसे निश्चिंत होतात. ज्यांच्याकडे पुष्कळ आहे त्यांना वाटते, वर्गणी दिली म्हणजे आपला हिशेब पुरा झाला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना वाटते, हा उपदेश आपल्यासाठी नव्हेच. अझरियांचे सारे आयुष्य या दुसऱ्या समजुतीशी झगडण्यात गेले. त्यांची मंडळी बव्हंशी भूमिहीन शेतमजुरांची होती. अशा माणसांपुढे उभे राहून, तुम्हीही देवाचे कारभारी आहात, तुमच्याकडेही हिशेब मागितला जाईल, असे सांगायला धैर्य लागते. ते सांगण्याचा अधिकार त्यांनी कसा मिळवला, हे त्यांच्या चरित्रावरूनच कळते.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेल्लालनविलै या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम खेड्यातले पाळक. आई एलन हिने या मुलासाठी हन्नेसारखी वाट पाहिली होती, म्हणून त्याच्या नावात सॅम्युएल आला. घर नाडार समाजातले. ताडाच्या झाडांवर चढून रस काढणे आणि त्याचा गूळ करणे हा त्या समाजातल्या गरिबांचा धंदा. वरच्या जाती त्यांना जवळ करीत नसत. मुलगा पंधरा वर्षांचा होण्याच्या सुमारास वडील वारले. पुढचे शिक्षण मिशनच्या वसतिगृहात आणि नंतर मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झाले. गणित हा त्यांचा विषय. अखेरच्या परीक्षेच्या वेळी आजारपण आले आणि पदवी राहून गेली. ती परीक्षा त्यांनी पुन्हा दिली नाही. पुढे १९२० साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली, तेव्हा ते आठ वर्षे बिशप होते.

१८९५ साली ते वाय. एम. सी. ए. चे चिटणीस झाले. गावोगावी फिरून तरुणांमध्ये काम करायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. १८९८ साली त्यांचा विवाह अंबू मरियम्माळ यांच्याशी झाला. अंबू आपल्या भागातील कॉलेजात शिकलेल्या पहिल्या ख्रिस्ती स्त्रियांपैकी एक होत्या. या लग्नात हुंडा घेतला गेला नाही. आज हे वाचून कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? आपल्या मंडळ्यांतल्या लग्नपत्रिका आणि लग्नानंतरची कर्जे ज्यांनी पाहिली आहेत ते तसे म्हणणार नाहीत. पैशाच्या बाबतीत देवाचा कारभारी म्हणून वागण्याची पहिली परीक्षा पुष्कळ घरांत लग्नाच्या वेळीच होते आणि पुष्कळ घरे तिथेच नापास होतात.

१९०२ साली अझरिया श्रीलंकेतील जाफना येथे गेले. तिथल्या तामीळ ख्रिस्ती लोकांनी आपल्या खर्चाने भारतात सुवार्तिक पाठवले होते. हे पाहून त्यांना धक्का बसला. तिरुनेलवेलीची मंडळी तर जाफन्यापेक्षा कितीतरी मोठी होती, तिथे हजारो कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती होती. पण स्वतःचा म्हणावा असा एकही मिशनरी तिने कोठे पाठवला नव्हता. परदेशातून येणारे घ्यायचे, एवढीच सवय लागली होती. परत आल्यावर त्यांनी आपल्या लोकांपुढे हा विषय काढला आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये पाळयंकोट्टै येथे तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिचा नियम सरळ होता. माणसे आपली आणि पैसाही आपला. तेलगू मुलखातले डोर्नकल हे तिने कार्यक्षेत्र निवडले. गावापासून हजार किलोमीटरहून दूर, परकी भाषा, निजामाचा अंमल. ताडावर चढणाऱ्या माणसांनी गोळा केलेल्या पैशातून एक तामीळ सुवार्तिक या परमुलखात राहू लागला आणि १९०६ साली तिथे पहिले बाप्तिस्मे झाले.

दरम्यान २५ डिसेंबर १९०५ रोजी, नाताळाच्या दिवशी, श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या ग्रंथालयात देशभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांची सभा भरली आणि नॅशनल मिशनरी सोसायटी जन्मली. (बंगालचे श्रीरामपूर, आपले अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातले नव्हे.) के. टी. पॉल आणि अझरिया हे तिचे प्रमुख कर्ते. अझरिया तिचे पहिले सरचिटणीस झाले आणि त्यांनी सारा देश पालथा घातला. पण सभांतून भाषणे करीत फिरणाऱ्या या माणसाच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. लोकांना मिशनरी व्हा म्हणायचे आणि आपण रेल्वेच्या डब्यात बसून परत यायचे, हे खरे देणे नव्हे. १९०९ साली त्यांनी चिटणीसपद सोडले, दीक्षा घेतली आणि बायकामुलांसह डोर्नकलला राहायला आले. पस्तीस वर्षांचे वय, जम बसलेले नाव, आणि तेलगूची बाराखडी पहिल्यापासून गिरवायची! राहायला घर नव्हते, तेव्हा काही काळ तंबूत काढावा लागला.

पुढच्याच वर्षी, १९१० साली, एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. तिथे या तरुण पाळकाने सांगितलेली गोष्ट अनेकांना झोंबली. परदेशी मिशनऱ्यांनी भारतासाठी धन दिले, आरोग्य दिले, प्राणही दिले, हे त्यांनी मोकळेपणे मान्य केले. पण आपल्या भारतीय सहकाऱ्याला बरोबरीने जेवायला बोलावण्याचे मात्र पुष्कळांना जमले नाही. त्यांनी मागितली ती मैत्री. दानाविषयी याहून कठोर शब्द क्वचितच कोणी बोलले असतील. देणारा वर उभा राहून देतो आणि घेणारा खाली वाकून घेतो, अशा देण्यातून प्रेम वाढत नाही हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच पुढे आपल्या गरीब मंडळीला ते घेणाऱ्यांच्या ओळीत कायमचे बसू देईनात.

मद्रासचे बिशप व्हाइटहेड यांनी त्यांचे नाव बिशपपदासाठी सुचवले तेव्हा गोऱ्या मिशनऱ्यांतून विरोध झाला, आणि सांगायला वाईट वाटते, आपल्या देशी ख्रिस्ती लोकांतूनही झाला. त्यात जातीचा भागही होता. तरीही २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांच्या मस्तकावर हात ठेवण्यात आले आणि अँग्लिकन मंडळीला पहिला भारतीय बिशप मिळाला. धर्मप्रांत सुरुवातीला लहानसा होता. हाताखालचे पाळक बोटांवर मोजता येत. १९२० साली कृष्णा व गोदावरीच्या बाजूचा मोठा तेलगू प्रदेश त्याला जोडला गेला. त्यांच्या अखेरच्या काळात तिथे ख्रिस्ती लोक दोन लाखांच्या वर आणि भारतीय पाळक शंभराच्या वर होते.

हे लोक कोण होते? बहुतांश माला आणि मादिगा, म्हणजे आपल्याकडच्या महार-मांगांसारखे गावकुसाबाहेर ठेवलेले. निजामाच्या तेलंगणात त्यांच्यावर वेट्टीचा जुलूम होता. वेट्टी म्हणजे वेठबिगार. दोरा, म्हणजे गावचा जमीनदार, किंवा सरकारी अंमलदार यांनी बोलावले की हातातले काम टाकून जायचे, ओझे वाहायचे, शेत नांगरायचे, चामड्याचे काम करायचे, आणि मोबदला मागायचा नाही. आदिलाबादच्या जुन्या माणसांना हा शब्द समजावून सांगायला नको. आता या माणसाला कोणी सांगितले की तुझे शरीर हा देवाने तुझ्या हाती सोपवलेला ठेवा आहे आणि तुझा वेळ हा देवाचा वेळ आहे, तर त्याच्या कानाला ते कसे लागेल? शहरातल्या सुखवस्तू मंडळीत हा उपदेश म्हणजे पहाटे लवकर उठा, सिगारेट सोडा, एवढाच होतो. वेट्टी करणाऱ्याच्या कानाला तो वेगळाच ऐकू येतो. माझे शरीर जर देवाचे, तर ते दोराचे नाही. कारभारीपणाच्या शिकवणीतली ही बाजू आपल्या उपदेशांतून फारशी येत नाही. मला तर वाटते, अझरियांच्या मंडळ्या इतक्या झपाट्याने वाढल्या त्याचे एक कारण याच बाजूत आहे.

शरीराविषयीचे त्यांचे शिक्षण अगदी व्यवहारी होते. ताडी आणि दारू सोडा. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका. घर, अंगण आणि मुले स्वच्छ ठेवा. मुलींची लग्ने कोवळ्या वयात करू नका. अंबूबाई स्त्रियांमध्ये हेच काम करीत. पाळक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांच्या बायकांनाही डोर्नकलला शिक्षण मिळे, कारण खेड्यात पाळकापेक्षा पाळकाच्या बायकोकडे लोकांचे लक्ष जास्त असते हे बिशपना ठाऊक होते. याचा परिणाम कोणाच्या नजरेस आला? शेजारच्या शूद्र शेतकऱ्यांच्या. काल ताडी पिऊन पडणारा मजूर आज शुद्धीवर आहे आणि त्याची मुले अक्षरे गिरवीत आहेत, हे पाहून १९३० नंतरच्या वर्षांत काही भागांत वरच्या मानलेल्या शेतकरी जातींतली माणसेही मंडळीत येऊ लागली. जे. वॅस्कम पिकेट यांनी भारतातल्या अशा समूहधर्मांतरांचा अभ्यास करून १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तेलगू मुलखातल्या या बदलांचीही दखल आहे.

आता वेळेविषयी. मजुराकडे पैसा नसतो आणि वेळही नसतो, कारण एक दिवस कामाला गेला नाही तर त्या दिवशी चूल पेटत नाही. तरी डोर्नकलमध्ये दरवर्षी साक्षीचा सप्ताह पाळला जाई. त्या दिवसांत साधे मंडळीकर टोळ्या करून शेजारच्या गावांत जात, भजने गात आणि आपल्या आयुष्यात काय बदल झाला ते सांगत. यात पगारी सुवार्तिक नव्हते. लिहितावाचता न येणारी माणसेच पुष्कळ होती, आणि मजुरी बुडवून ती जात. बाप्तिस्मा घेणाऱ्याने डोक्यावर हात ठेवून, सुवार्ता सांगितली नाही तर माझी गत वाईट होवो, अशा अर्थाचे पौलाचे शब्द म्हणण्याची चाल त्यांनी पाडली होती. साक्ष देणे हे पाळकाचे काम आहे आणि त्यासाठी त्याला पगार मिळतो, असे ज्या मंडळीत मानले जाते तिथला वेळेचा हिशेब कसा असतो, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

बिशप स्वतः वेळ कसा वापरीत? बैलगाडी आणि सायकल ही त्यांची वाहने. खेड्यातली माणसे दिवसभर शेतावर, म्हणून उपासना आणि दृढीकरण बहुधा रात्री कंदिलाच्या उजेडात. दिवसा गावातल्या शिक्षकाची वही तपासायची, पंचांचे तंटे ऐकायचे, मुलांना प्रश्न विचारायचे. पहाटेचा वेळ प्रार्थनेचा आणि अभ्यासाचा. १९२९ पासून मृत्यूपर्यंत ते नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे अध्यक्ष होते. १९३८ च्या डिसेंबरात मद्रासजवळ तांबरम येथे जगभरचे ख्रिस्ती पुढारी जमले, त्या परिषदेतही त्यांचा वाटा मोठा होता. पण एवढा व्याप सांभाळून ते खेड्यांकडे परत येत.

पैशाकडे येऊ. त्यांनी दानावर इंग्रजीत एक लहान पुस्तक लिहिले, त्यात जुन्या करारापासून नव्या करारापर्यंतची शिकवण क्रमाने मांडली. पुढे ते देशाबाहेरही वाचले गेले. त्यांचा विचार थोडक्यात असा की दान हा उपासनेचा भाग आहे, मंडळीचा खर्च भागवण्याची युक्ती नव्हे. दशमांश ही सुरुवात. आणि कोणीही इतका गरीब नाही की त्याने द्यायचेच नाही. हा शेवटचा मुद्दा त्यांनी पुस्तकात लिहिण्यापूर्वी खेड्यात करून दाखवला होता. घरची बाई भात शिजवायला घेताना एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळ्या मडक्यात टाकी. आठवडाभराचे मडके उपासनेच्या वेळी पुढे आणले जाई. हंगाम आला की उपकारस्तुतीच्या सणाला भाताच्या टोपल्या, भोपळे, अंडी, कोंबड्या, कधी शेळीसुद्धा वेदीपुढे येई आणि मग बाहेर त्यांचा लिलाव होई. कोंबड्या आरडाओरडा करीत आणि प्रार्थनेत व्यत्यय येई, पण त्याला इलाज नव्हता.

मूठभर तांदळाने काय होते, असे हिशेबी माणूस विचारील. तांदळाचे मोल थोडेच. पण ती मूठ बाजूला काढताना त्या बाईला पोरांच्या भुकेकडे पाहावे लागे, आणि दररोज पाहावे लागे. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला एकदा कापली जाणारी वर्गणी अशी आठवण करून देत नाही. शिवाय जिला आजवर सगळ्यांनी मागणारी म्हणूनच ओळखले होते, ती आता देणारी झाली. त्या स्त्रीच्या मनात यामुळे काय घडले असेल याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.

तरीही आक्षेप होते आणि ते खोटे नव्हते. पोटाला पुरत नाही अशा माणसाकडून दान मागणे हा अन्याय नाही का, असे विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. डोर्नकलचे मंदिर बांधायला लागलेली वर्षे पाहिली तर प्रश्न आणखी टोकदार होतो. काम पैशाअभावी अनेकदा थांबले. पंचवीसएक वर्षांनी, ६ जानेवारी १९३९ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला त्याचे समर्पण झाले. झोपडीत राहणाऱ्यांनी दगडी मंदिरासाठी का द्यावे? यावर माझे मत असे. ज्यांना गावच्या देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांना स्वतःच्या हातांनी उभारलेले, कोणत्याही दारातून सरळ आत जाता येईल असे मंदिर मिळाले. ही चैन नव्हती. पण दुसरी गोष्टही नमूद केली पाहिजे. दोराच्या जमिनीचा आणि वेट्टीचा प्रश्न अझरियांनी मुळातून हाती घेतला नाही. त्यांचा भर माणूस बदलण्यावर राहिला. त्याच वर्षांत आपल्या आदिलाबादच्या डोंगरात गोंडांची जमीन आणि जंगल यासाठी कुमरम भीम निजामाच्या अंमलदारांशी लढत होता आणि १९४० साली जोडेघाट येथे तो मारला गेला. १९४६ पासून तेलंगणात शेतकऱ्यांचे सशस्त्र बंड पेटले. मुठीने तांदूळ वेगळा काढणाऱ्या बाईच्या शेताचा मालक कोण, हा प्रश्न मंडळीने अधिक जोराने विचारायला हवा होता असे म्हणावेसे वाटते.

आणखी एक. स्वावलंबनाचा एवढा पुरस्कार करूनही त्यांचा धर्मप्रांत त्यांच्या हयातीत पुरता स्वावलंबी झाला नाही. शाळा, दवाखाने, छापखाना यांसाठी विलायतेतला पैसा येतच राहिला. बिशपना हे माहीत होते. पाळकांचे पगार मंडळीने पेलावेत म्हणून ते साधे ठेवण्याचा त्यांचा आग्रह असे, आणि तो सगळ्याच पाळकांना आवडत असेल असे नाही. मिशनच्या जमिनी आणि इमारती यांवर अजून भांडत बसलेल्या आपल्या मंडळ्यांना त्यांची ही अडचण ओळखीची वाटावी. फरक इतकाच की अडचण आहे म्हणून त्यांनी मूठ वेगळी काढायला सांगणे थांबवले नाही.

दक्षिण भारतातल्या वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक व्हाव्यात यासाठी त्यांनी पंचवीस वर्षे खटपट केली. १९१९ साली ट्रँक्वेबार येथे झालेल्या पहिल्या बैठकीपासून ते त्यात होते. वाटाघाटी लांबत गेल्या. सुवार्ता ऐकणाऱ्या खेडुताला पंथांचे भेद समजावून सांगण्यात जाणारा वेळ आणि पैसा त्यांना उधळपट्टी वाटे. १९४४ च्या अखेरीस ते थोडे दिवस तापाने आजारी पडले आणि १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथे त्यांचे देहावसान झाले. वय सत्तर. मंदिराजवळच त्यांना पुरले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली आणि डोर्नकल हा तिच्या पहिल्या धर्मप्रांतांपैकी एक ठरला.